आरोहीला दवाखान्यात कोण नेतं

सयाजी आबा चिडले ते एका साध्या प्रश्नावरून.

नारायणगावात डॉक्टर विपुल यांचा लहान मुलांचा दवाखाना आहे. सकाळच्या वेळी तिथं बसायला जागा मिळणं कठीण. त्या दिवशी आबा पाच वर्षांच्या नातीला, आरोहीला, घेऊन आळ्याहून जीपनं आले होते. पोरगी त्यांच्या मांडीवर बसून भिंतीवर रंगवलेल्या जिराफाला नाव देत होती आणि मधूनमधून खोकत होती. तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी त्यांच्याशेजारी येऊन टेकली.

“नमस्कार, आबा. मी तेजस्विनी. पुण्याच्या एका संस्थेकडून आलेय. लहान मुलांना बरं नसलं की लोक कुठल्या दवाखान्यात जातात, तिथं त्यांना काय सेवा मिळते, घरी गेल्यावर औषध कसं दिलं जातं, असा आमचा अभ्यास आहे. हिची आई आलीय का?”

“न्हाई. कामाला गेलीय.”

“मग राहू द्या. आमचे प्रश्न आईसाठी आहेत.”

ती उठायला लागली, तसे आबा ताठ झाले.

“थांब जरा. पोरीला हितं आनतं कोन? मी. जीपमदी मांडीव घिऊन बसतं कोन? मी. तिला धाप लागली की पाठ चोळत कोन बसतं? मीच. तिची आई सकाळी कंपनीची गाडी धरती, ती दिवेलागनीला घरी. बाप टमाट्याची पिकअप घिऊन वाशीला. आन् तुमी इचारनार आईला?”

आसपासच्या बायका हसल्या. आबांचा आवाज मुळातच मोठा, त्यात ते रागावलेले. एक आजीबाई नातवाचं नाक पुसत म्हणाली, “खरंच बोलत्यात. मलाबी त्या दिशी असंच म्हनली ही पोरगी.”

तेजस्विनी ओशाळली. तिनं हॉलभर नजर फिरवली. दोन आज्या, एक मामा, एक मोठी चुलती आणि आबा. आया होत्या, पण निम्म्याहून कमी. जुन्नर आणि आंबेगावच्या कितीतरी दवाखान्यांत ती बसली होती आणि अशा सगळ्यांना “राहू द्या” म्हणून पुढं गेली होती.

ती काही परगावची नव्हती. पारगावची मुलगी, वडील साखर कारखान्यात कामाला. समाजकार्याचं शिक्षण पुण्यात झालं आणि ही नोकरी मिळाली तेव्हा आईला सगळ्यात जास्त आनंद झाला, कारण लेक घरी राहून स्कूटीवरून कामाला जाणार होती. तेजस्विनीला स्वतःला लहानपणी दवाखान्यात कोण न्यायचं? आजीच न्यायची. हे तिला त्या क्षणी आठवलं आणि स्वतःचंच नवल वाटलं.

संध्याकाळी तिनं पुण्याला मॅडमना फोन केला. मॅडमनी हा अभ्यास आखला होता. त्यांनी तेजस्विनीचं सगळं ऐकून घेतलं.

“आजोबा बरोबर बोललेत,” त्या म्हणाल्या. “सगळीकडे आईलाच विचारायची पद्धत आहे, म्हणून मीही तसंच केलं. बदलूया. पण अभ्यासाला मान्यता देणाऱ्या समितीची परवानगी घ्यावी लागेल, वेळ जाईल. तोवर आयांच्या मुलाखती चालू ठेव.”

त्याप्रमाणे एका रविवारी तेजस्विनी आळ्याला आबांच्या घरी गेली आणि आरोहीच्या आईशी, रुपालीशी, बोलली. रुपाली भाजीपाला पॅकिंगच्या कंपनीत होती. हुशार, चटपटीत बाई. लेकीचं आजारपण तिला तोंडपाठ होतं. थंडी पडली की छाती भरते, धुळीनं वाढतं, दमा आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय, सकाळ-संध्याकाळ पंप द्यायचा आहे.

“पंप रोज दिला जातो?” तेजस्विनीनं विचारलं.

“रोज. न चुकता. मी आठवण करून देऊन जाते, आबा देतात,” रुपाली म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. “पण ताई, फरकच पडत नाय बघा. एवढं करून पोरगी खोकतीच. माझं कुठं चुकतंय तेच कळंना.”

आबा त्या वेळी ओट्यावर बसले होते. ते उठून गोठ्याकडे गेले.

परवानगी आली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. तेजस्विनीनं पहिला फोन आबांना केला.

“आबा, आता तुमचे प्रश्न घेऊन येते. यायचं ना?”

“ये की! केव्हाचा थांबलोय.”

ती गेली तर आबा धुतलेली टोपी घालून तयार. आरोही शाळेत होती. त्यांच्या पत्नीनं, प्रयागबाईंनी, चहा आणि भाजलेल्या शेंगा पुढं ठेवल्या. गुडघ्यांमुळं त्यांना जीपमध्ये चढता येत नसे, म्हणून पोरीला दवाखान्यात न्यायचं काम आबांकडे आलं होतं. त्या आत गेल्या आणि तेजस्विनीनं नेहमीप्रमाणे सुरुवातीला सांगायचं ते सांगितलं. तुम्ही जे बोलाल ते दुसऱ्या कुणाला कळणार नाही. दवाखान्याला नाही, घरातल्या माणसांनाही नाही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसलं तरी चालेल. फक्त मुलीच्या जिवाला धोका दिसला, तर मात्र मला गप्प बसता येणार नाही.

“घरच्यांनाबी न्हाई?” आबांनी पुन्हा विचारलं.

“घरच्यांनाही नाही.”

पहिले प्रश्न आबांनी मजेत सोडवले. डॉक्टर विपुल यांच्याकडेच का? तर त्यांच्या वडिलांच्या, दलीचंदशेठांच्या, दुकानातून आबांच्या लग्नाचं कापड घेतलं होतं, आणि हा पोरगा परगावी डाक्टर होऊन परत आपल्या गावात आला, पोराशी पोरासारखा बोलतो. सरकारी दवाखान्यात नेता का? लस टोचायला तिथंच. तिथल्या नर्सबाई घरच्यासारख्या आहेत. जायला किती वेळ लागतो? जीप भरेल तसा.

मग पंपाचा प्रश्न आला. आबा शेंगा सोलत राहिले. टरफलांचा ढीग झाला, पण दाणा एकही तोंडात टाकला नाही.

“चल, गाय दाखवतो तुला,” ते एकदम म्हणाले.

गोठ्यात गेल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. त्यांच्या आवाजाला ते जमत नव्हतं, त्यामुळे ते खोल कुठूनतरी बोलल्यासारखे वाटत होते.

“मी देत न्हाई पंप.”

तेजस्विनीनं हातातली वही मिटली.

“धाप लागली की तो निळा देतो. त्यानं बरं वाटतं, मला दिसतं ना. पन रोजचा तो दुसरा न्हाई देत. पोरगी खेळतीय, हसतीय, आन् तिला अवशीद कशाला पाजायचं? आमचा शेजारी सावळेराम म्हनला, त्याच्या भावाला म्हातारपनी पंप लागला, तो मरेस्तोवर सुटला न्हाई. पोरीची जात हाये. उद्या लग्नाचं बगताना लोक काय म्हनतील? म्हून मी...” ते थांबले. “सून पंप हलवून बगती, किती उरलाय म्हून. तवा मी रोज हितं येतो आन् दोन फवारे हवेत सोडतो.”

“इथं? गोठ्यात?”

“हितंच. हिच्यासमोर.” आबांनी गाईकडे बोट केलं.

गाय शांतपणे रवंथ करत होती. तेजस्विनीला हसू आलं आणि ते आवरताना डोळ्यांत पाणी आलं. आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांनाही हसू फुटलं. दोघंही गोठ्यात तोंड दाबून हसत राहिली. पण हसून झाल्यावर आबा म्हणाले, “रुपाली म्हनती, माझं कुठं चुकतंय. त्या दिशी ऐकलं मी. लई वाईट वाटलं.”

घरी परतताना तेजस्विनी मनात तेच घोळवत होती. शब्द तर दिला होता. पण खोकणारी पोरगी, स्वतःला दोष देणारी आई, आणि ज्यांनी हे केलं ते आबा पोरीवर जीव टाकणारे. रात्रीचं जेवण झाल्यावर तिनं मॅडमना नाव न सांगता सगळं सांगितलं.

“मुलीला आत्ता धोका आहे का?” मॅडमनी विचारलं.

“नाही. खेळतेय. धाप लागली तर औषध देतात, दवाखान्यातही लगेच नेतात.”

“मग आपण शब्द मोडायचा नाही. आणि त्या माणसाला सोडायचंही नाही. त्यानं आपणहून तुला सांगितलंय, तेजस्विनी. मनावरचं ओझं कुठं उतरवायचं ते तो शोधतोय. पुढच्या तपासणीला तू तिथं हजर राहा.”

पुढची तपासणी त्याच आठवड्यात होती. डॉक्टर विपुल तपासत असताना तेजस्विनी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसत असे. डॉक्टर किती वेळ बोलतात, कोणाशी बोलतात, काय समजावतात, एवढंच पाहायचं, मध्ये बोलायचं नाही. आबा आरोहीला घेऊन आत आले. डॉक्टरांनी पोरीच्या छातीला नळी लावली, तिच्या बाहुलीच्याही छातीला लावली आणि मग कपाळाला आठ्या घातल्या.

“आबा, अजून घरघर आहे. पंप चालू आहे ना रोजचा?”

आबांनी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, कोणालाच कळलं नसतं.

“रुपालीताईंशी माझं फोनवर बोलणं झालं. त्या म्हणतात, एक दिवस चुकत नाही. म्हणजे हा पंप कमी पडतोय. आता जास्त ताकदीचा द्यावा लागेल.”

आबांनी चटकन कोपऱ्यात पाहिलं. तेजस्विनीनं मान खाली घातली. तिच्या हातातलं पेन थांबलं होतं. एक वाक्य बोललं असतं तर सगळं मिटलं असतं. ती बोलली नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली आणि आबा पोरीला घेऊन बाहेर पडले.

ती त्यांच्यामागे गेली. आबा पायऱ्यांशी उभे होते, चिठ्ठी हातात, नजर रस्त्यावर. बाजाराकडे निघालेल्या टोमॅटोच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

“तू बोलली न्हाईस,” ते म्हणाले.

“तुम्हाला शब्द दिला होता.”

“मला वाटलं, आता सांगनार.”

“नाही सांगणार. पण आबा, पुढं काय करायचं ते तुम्हालाच ठरवायचंय.”

आबांनी टोपी काढून पुन्हा घातली. “मंग तूच सांग. पंप वाईट का चांगला?”

“मी डॉक्टर नाही. ज्यांना कळतं ते आत बसलेत. विचारायला मी येते तुमच्याबरोबर.”

“रागावंल तो.”

“रागावले तर मी आहे ना.”

आरोहीनं आजोबांचा हात ओढला. तिला वाटलं, आता घरी जायचं. पण आबा वळले आणि दोन माणसांच्या मधून वाट काढत थेट डॉक्टरांच्या खोलीत शिरले. आत दुसरं बाळ होतं. त्याची तपासणी होईपर्यंत ते दाराशी उभे राहिले, शिक्षा झालेल्या पोरासारखे. मग पुढं होऊन त्यांनी सगळं सांगून टाकलं. सावळेराम, लग्नाची काळजी, गोठा, गाय, काही लपवलं नाही.

डॉक्टर विपुल खुर्चीत मागे टेकले. आधी त्यांचा चेहरा कडक झाला. मग गाईचा भाग आला आणि ओठ थरथरले.

“गाईची छाती कशी आहे?”

“झकास,” आबा चाचरत म्हणाले.

डॉक्टर मोठ्यानं हसले. पण लगेच पुढं झुकले आणि त्यांनी बाहेरच्या मुलीला पाच मिनिटं कोणाला आत सोडू नका म्हणून सांगितलं.

“आबा, पहिल्यांदा पंप दिला तेव्हा मी सगळं रुपालीताईंना समजावलं. त्यानंतर दर वेळी पोरीला तुम्ही आणताय आणि मी फोन त्यांना करतोय. तुम्हाला मी एकदाही काही सांगितलं नाही. तुम्हाला काय वाटतं तेही विचारलं नाही. ते राहिलंच.”

आबांना हे अपेक्षित नव्हतं. ते हळूच खुर्चीवर बसले.

मग डॉक्टरांनी कागदावर नळ्या काढून दाखवल्या. आतून सूज आली की वाट अरुंद होते. निळा पंप ती वाट तेवढ्यापुरती उघडतो. रोजचा पंप सूज येऊच देत नाही, म्हणून पोरगी हसत-खेळत असली तरी तो द्यायचा. त्याची सवय लागत नाही. पुष्कळ मुलांचा त्रास मोठेपणी कमी होतो, आणि तसं दिसलं की आपण पंप हळूहळू उतरवत आणू. सावळेरामचे भाऊ म्हातारपणी आजारी पडले, त्यांचं दुखणं वेगळं असणार.

“आन् लग्नाचं?” आबांनी विचारलं.

“माझ्या बायकोला दमा आहे,” डॉक्टर म्हणाले. “रिद्धीला. तिच्या पर्समध्ये पंप असतो. माझं लग्न झालं ना?”

आबा खुर्चीत पुढं सरकले. “दलीचंदशेठला म्हाईत व्हतं?”

“सगळ्यांना माहीत होतं. आईनं तर साखरपुड्यातच विचारलं, पंप आणलास ना गं?”

आता आबांचे खांदे सैल झाले. डॉक्टरांनी जास्त ताकदीची चिठ्ठी परत घेतली आणि तोंडाला मास्क लावून पंप कसा द्यायचा ते आबांच्याच हातानं करवून घेतलं. आरोहीनं जिराफाचा आवाज काढत श्वास घेतला. जिराफ कसा ओरडतो ते कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे तिचं खरं मानलं गेलं.

रुपालीला सांगायचं काम मात्र अवघड होतं. त्या संध्याकाळी काय झालं ते आबांनीच नंतर तेजस्विनीला सांगितलं. रुपाली कंपनीच्या गाडीतून उतरून आली. आबांनी तिला पाणी दिलं. सासऱ्यानं पाणी आणून दिल्यावर ती तिथंच घाबरली, काहीतरी झालंय म्हणून. आबांनी सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग बोलली ती एवढंच.

“आबा, मी एवढे दिवस स्वतःला खात बसले हुते.”

आणि ती आत निघून गेली. दोन दिवस तिनं आबांशी धड शब्द काढला नाही. प्रयागबाईंनी नवऱ्याला सुनावलं ते वेगळंच. तिसऱ्या दिवशी सकाळी रुपाली डबा भरताना ओट्यावर आली, पंप आबांच्या हातात दिला आणि म्हणाली, “माझ्यासमोर एकदा देऊन दाखवा.” आबांनी दाखवला. पोरीच्या तोंडाला मास्क नीट बसवला, श्वास मोजले, नंतर चूळ भरायला लावली. रुपाली बघत होती.

“माझ्यापरीस चांगला देताय की,” ती म्हणाली आणि गाडी पकडायला पळाली. आबा दिवसभर ज्याला त्याला तेच सांगत होते.

पौषातली थंडी त्या वर्षी चांगलीच कडक पडली. दर वर्षी याच दिवसांत आरोहीला दवाखान्यात न्यावं लागे. या वर्षी खोकला आला, पण रेंगाळला नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती कोळीण झाली आणि नाच संपल्यावरही स्टेजवरून उतरायला तयार नव्हती.

तेजस्विनीचं कामही वाढलं होतं. आता ती दवाखान्यात गेल्यावर पहिला प्रश्न विचारी, “बाळाला तुम्हीच आणता का?” आणि जो हो म्हणेल त्याच्याशी बोलत बसे. गोष्टी निघत. कुणी आजी गोळीचा अर्धा तुकडा करून देत होती, पोर लहान म्हणून. कुणा काकाला औषधाच्या बाटलीवरचं वाचता येत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. तिला कोणाचाच राग येत नसे. सगळी माणसं पोरांच्या काळजीनंच चुकत होती.

डॉक्टर विपुल यांनी शनिवारी दुपारी दवाखान्याच्या हॉलमध्ये एक बैठक सुरू केली. पोरांना आणणाऱ्या कोणीही यावं, काहीही विचारावं. पहिल्या शनिवारी मोजकीच माणसं आली. आबांनी पुढच्या वेळी जीपवाल्याशी ठरवून आळ्याची आठ माणसं गोळा केली, आणि त्यांत सावळेरामला ओढत आणलं. सावळेराम हात बांधून बसला होता.

“मला डाक्टरनं सगळं इस्कटून सांगितलं,” आबा उभं राहून म्हणाले. “आता मी तुमाला सांगतो. आन् कुनाला काय शंका आसंल तर मनात ठिवू नका. मी ठिवली व्हती.”

“पन आमच्या भावाचं काय?” सावळेरामनं विचारलंच.

“त्याचं मी सांगतो,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी सावळेरामला सावकाश, त्याच्याशेजारी बसून समजावलं. सावळेराम शेवटी म्हणाला, “आसंल बी.” आबांच्या मते ही मोठी गोष्ट होती. सावळेराम जन्मात कुणाचं मान्य करत नाही.

मार्चमध्ये अभ्यासाचा पहिला टप्पा संपला. मॅडम पुण्याहून आल्या आणि नारायणगावातल्या एका छोट्या सभागृहात डॉक्टर, नर्स आणि गावकऱ्यांसमोर त्यांनी काय सापडलं ते सांगितलं. मुलांना दवाखान्यात आणणारं माणूस आणि औषध समजून घेणारं माणूस पुष्कळदा वेगळं असतं, आणि मधल्या मधे औषध हरवतं, हा त्यातला मोठा भाग होता. हे आम्हाला एका आजोबांनी दाखवून दिलं, असं त्या म्हणाल्या. नाव घेतलं नाही. आबा पहिल्या रांगेत होते. त्यांनी मागे वळून रुपालीला डोळा मारायचा प्रयत्न केला, पण त्यांना एक डोळा मिटता येत नसल्यानं दोन्ही मिटले. रुपालीनं त्या दिवशी मुद्दाम सुट्टी घेतली होती.

कार्यक्रम संपल्यावर आबा मॅडमसमोर जाऊन उभे राहिले.

“पावनं, पुन्याला असंच जायाचं न्हाई. मिसळ खाऊन जायाचं.”

“तिखट असते ना फार?”

“हाये तर. पन दही मिळतं.”

मॅडम, तेजस्विनी, आबा, रुपाली आणि आरोही अशी पाच माणसं हॉटेलातल्या एका टेबलाभोवती दाटीवाटीनं बसली. आरोहीनं रस्सा बाजूला सारला आणि सगळ्यांच्या ताटल्यांतलं फरसाण आपल्याकडे गोळा करायला सुरुवात केली. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी त्या दुसरा पाव मागत होत्या. तेजस्विनीनं आपलं फरसाण न मागता पोरीच्या ताटलीत सरकवलं आणि चहा सांगितला, सगळ्यांसाठी.